प्रश्न वाचकांचे : पळते रंग आणि लांबचा फ्लॅश

या वेळच्या पत्रांमध्ये दोन विषय फिरून फिरून आले आहेत. होळी, अखाजी (अक्षय्य तृतीया), यात्रा, मिरवणूक यांतली रंगीत हालचाल फोटोत कशी पकडायची, हा एक. लांबच्या माणसापर्यंत पोचेल असा फ्लॅश कोणता घ्यायचा, हा दुसरा. खाली उत्तरं वेगवेगळी दिली आहेत, पण एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. फ्लॅश वापरून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन एक्स्पोजर असतात. आजूबाजूच्या उजेडाचं एक्स्पोजर शटर स्पीडने कमीजास्त होतं. फ्लॅशच्या एक्स्पोजरवर शटरचा परिणाम होत नाही, कारण शटर उघडं असतानाच फ्लॅश पेटून विझलेला असतो. तिथे चालतं ते फ्लॅशची पॉवर, अंतर आणि लेन्सच्या छिद्राचा आकार, म्हणजे अ‍ॅपर्चर. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, दोन्हींना लागू. एवढं डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात.

प्रश्न : सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जातो. फ्लॅश लावला की नाचणारे पांढरेफटक आणि मागे काळाकुट्ट अंधार. फ्लॅश बंद केला तर सगळं हललेलं. मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू, अंगावरची पांढरी नक्षी हे सगळं स्पष्ट हवं आणि नाचाचा वेगही दिसायला हवा. २४-७० एफ/४ लेन्स आणि साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश) आहे.
— एक वाचक, शहादा

उत्तर : तुमचा कॅमेरा ऑटोवर १/६० किंवा १/१२५ धरतो आणि फ्लॅशला पूर्ण काम करायला लावतो. त्यामुळे होळीच्या उजेडाला फोटोत जागाच उरत नाही. क्रम उलटा करा.

फ्लॅश बंद ठेवून सुरुवात करा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १६००, एफ/४, शटर १/१५. एक फोटो काढून फक्त मागची गर्दी आणि जाळ बघा. गर्दीचे चेहरे ओळखू येत असतील आणि जाळाचा गाभा सोडून बाकी ज्वाळांचा रंग टिकला असेल, तर उजेड बरोबर आहे. अंधारलेलं वाटलं तर आयएसओ ३२०० करा. शटर १/८ च्या खाली नेऊ नका. सेकंदाला दोन मीटर सरकणारा माणूस १/१५ मध्ये सुमारे तेरा सेंटिमीटर सरकतो. हा फराटा दिसायला छान असतो. १/४ ला तोच माणूस अर्धा मीटर सरकतो, मग आकारच उरत नाही.

आता फ्लॅश चालू करा, पण मॅन्युअलवर आणि १/१२८ पॉवरवर. इतकी कमी पॉवर कशाला, असं वाटेल. हिशोब असा : ५० मिमीच्या आसपास झूम केलेल्या मध्यम फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशचा जोर : मीटरमधलं अंतर गुणिले अ‍ॅपर्चर) ४० धरा. १/१२८ ला तो साडेतीन होतो, आयएसओ १६०० मुळे चौपट होऊन चौदा. फ्लॅशच्या तोंडावर फुल सीटीओ, म्हणजे नारिंगी जेल लावला की तो सुमारे अकरावर येतो. एफ/४ ने भागा : पावणेतीन मीटर. म्हणजे चार मीटरवरचा नर्तक एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजळतो, आणि आपल्याला हवं तेच. चेहऱ्यावर जाळाचा उजेडही पडू द्यायचा आहे. कमी पॉवरचा दुसरा फायदा मोठा आहे. पूर्ण पॉवरचा झोत सेकंदाचा साधारण तीनशेवा भाग टिकतो, १/१२८ चा झोत वीस हजाराव्या भागाच्या आसपास. मोरपिसाचा एकेक तंतू गोठतो, आणि फ्लॅश लगेच पुढच्या फोटोला तयार.

नारिंगी जेल सोडू नका. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, सुमारे ५५०० केल्व्हिन. जाळाचा उजेड २००० च्या आसपास. जेल न लावता काढलेल्या फोटोत माणसं निळसर आणि मागचं सगळं लाल, असे दोन तुकडे दिसतात. जेल लावल्यावर व्हाइट बॅलन्स ३२०० ते ३५०० वर पक्का करा, ऑटोवर ठेवू नका. ऑटो जाळाचा तांबूसपणा खाऊन टाकतो.

शेवटी फ्लॅश 'रिअर कर्टन'वर टाका. त्यात आधी फराटा उमटतो आणि शटर बंद होता होता फ्लॅश पेटतो, म्हणून फराटा नर्तकाच्या मागे राहतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो पुढे येतो आणि माणूस उलटा सरकतोय असं दिसतं. रिंगणात नाचणारे तुमच्यासमोरून आडवे जातील अशी जागा धरा आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर हलका फिरवा. थेट अंगावर येणाऱ्या नर्तकाचा फराटा पडत नाही, तो फक्त धूसर होतो.

काठीला नाच रात्रभर असतो आणि होळी पहाटे पेटते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रात्रीचे फोटो दिव्यांच्या उजेडात असतात, पहाटेचे जाळाच्या. दोन्हींसाठी एकच सेटिंग चालणार नाही, जाळ उठला की पहिल्यापासून मोजा. विजेवरचे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्यांच्या उजेडात शटर १/१०० पेक्षा जलद नेलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. आणि नाचणाऱ्यांतले बरेचजण व्रत पाळत असतात. अगदी जवळ जाऊन तोंडावर फ्लॅश मारण्याआधी विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या.

प्रश्न : जळगावच्या रथोत्सवात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून फोटो काढायचे आहेत. रथ अंदाजे २५ मीटरवर असतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश पोचत नाही. दुकानदार 'गाइड नंबर ६०' असलेला फ्लॅश सुचवतो. तो पुरेल का? की त्याहून मोठा घेऊ? मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनालाही तो वापरायचा आहे.
— एक वाचक, जुने जळगाव

उत्तर : गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले अ‍ॅपर्चर, आयएसओ १०० ला. २५ मीटर आणि एफ/४ असेल तर शंभर लागतो. तेवढा गाइड नंबर कॅमेऱ्यावर बसणाऱ्या कोणत्याच फ्लॅशला नसतो. पण आयएसओ ४०० केला की आकडा दुप्पट होतो, १६०० ला चौपट. म्हणजे १६०० ला तुम्हाला फक्त २५ चा फ्लॅश लागतो. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा गाइड नंबर बहुधा १० ते १२ असतो. तो १६०० ला एफ/५.६ वर सात-आठ मीटर जातो. म्हणून तुमचा पोचत नाही.

आता '६०' हा आकडा नीट वाचा. कंपन्या तो फ्लॅशचं डोकं २०० मिमी झूमवर असताना देतात. त्याच फ्लॅशचा ३५ मिमीला ३५-३६ च होतो. शिवाय हा आकडा पांढऱ्या भिंतींच्या खोलीतल्या मोजणीत बरा येतो, मोकळ्यावर कमी. आम्ही चौथा हिस्सा वजा करून चालतो : ६० चे ४५. दोन फ्लॅशची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच झूमचे आहेत ना, आणि मीटरमध्येच आहेत ना, हे तपासा. फुटांतला आकडा सव्वातीन पटींनी मोठा दिसतो.

४५ धरून बघा. आयएसओ १६०० ला १८० झाला. १/४ पॉवरवर ९०, एफ/४ ला साडेबावीस मीटर. १/८ पॉवरवर सोळा मीटर, म्हणजे २५ मीटरवरचा रथ सव्वा स्टॉप कमी उजळेल. रथावर स्वतःची रोषणाई असते, ती दिसलीच पाहिजे, तेव्हा फ्लॅश इतकाच पुरे. त्यापेक्षा जास्त टाकलात तर दिव्यांच्या माळा फिक्या पडतील. म्हणजे दुकानदाराने सुचवलेला फ्लॅश तुम्हाला भरपूर आहे, आणि १/८ वर चालवलात तर तापणारही नाही.

मोठा घेण्याचा मोह टाळा. हातात धरता येणारे २०० वॉट-सेकंदाचे स्ट्रोब येतात. साध्या स्पीडलाइटच्या साधारण तिप्पट ऊर्जा त्यांत असते, पण तिप्पट ऊर्जेने पल्ला पावणेदोन पटच वाढतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे पल्ला दुप्पट करायला चौपट ऊर्जा हवी. त्याच पैशांत एक चांगली ८५ एफ/१.८ लेन्स येते, आणि एफ/४ वरून एफ/२ वर गेलं की पल्ला दुप्पट होतो तो फुकटच. लांबच्या विषयासाठी फ्लॅश निवडताना लेन्सही त्याच हिशोबात धरा.

तेव्हा खरेदीत बघायच्या गोष्टी अशा. डोकं २०० मिमीपर्यंत झूम होतं का. मॅन्युअल पॉवर १/१२८ पर्यंत खाली जाते का. हाय स्पीड सिंक आहे का (म्हणजे जलद शटरवरही फ्लॅश चालतो; तो उन्हात लागतो, मात्र त्यात पल्ला निम्म्याहून खाली येतो). फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब ठेवून पेटवण्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ ट्रिगर अंगभूत आहे का. आणि बॅटरी. चार पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश पूर्ण पॉवरनंतर तीनेक सेकंद घेतो, लिथियम बॅटरीवाला दीडेक. मिरवणुकीत हा फरक जाणवतो. लिथियम घेतलात तर वैशाखात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ती बॅटरी फुगते.

घरात जुना, फिल्मच्या काळातला फ्लॅश असेल तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर सरळ बसवू नका. अशा काही फ्लॅशच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि कॅमेऱ्याचं सर्किट जळतं. फ्लॅश चार्ज करून पायाचा मधला टोक आणि बाजूची पट्टी यांमध्ये मल्टिमीटर लावा. सहा व्होल्टच्या वर आकडा आला तर तो फक्त ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पडला की पेटवणाऱ्या साधनावर), कॅमेऱ्यापासून वेगळा वापरा.

रथाच्या दिवशीचं एक खास दृश्य सुचवतो. रथ वळवायला आणि थोपवायला चाकाखाली मोगरी (लाकडी ठोकळा) लावतात. ती लावणाऱ्याचे हात, चाक आणि धूळ हे सगळं गॅलरीतून उतरतं कोनात छान दिसतं. तिथे १/३० आणि रिअर कर्टन वापरा. चाक थोडं फिरलेलं दिसेल, हात स्पष्ट येतील.

स्नेहसंमेलनाला मात्र फ्लॅश बंद ठेवा. तुम्ही वीस मीटरवर बसता, तुमच्यापुढची डोकी दोन मीटरवर. अंतर दहापट, म्हणून त्या डोक्यांवर शंभरपट उजेड पडतो. पांढरी डोकी आणि काळं स्टेज असे फोटो प्रत्येक शाळेच्या अल्बममध्ये असतात, त्याचं कारण हेच. स्टेजवर दिवे असतातच. आयएसओ ३२००, एफ/२.८ ते ४, शटर १/२५०, मीटरिंग स्पॉटवर. नाच असेल तर मुलींनी गिरकी घेतली की १/३० वर पाच-सहा फोटो काढा. घागऱ्याचा घेर फिरतो, चेहरा गिरकीच्या मध्यावर असल्याने बऱ्यापैकी थांबलेला येतो.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत धावत्या घोड्याचं पॅनिंग करतो, म्हणजे कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत फोटो काढतो. दहात एकही धड येत नाही. कधी घोडा हलतो, कधी मागचं स्पष्ट येतं.
— एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : घोडा कोणत्या चालीत आहे ते आधी बघा. रेवाल चालीत घोड्याची पाठ जवळजवळ एका रेषेत राहते, स्वार उसळत नाही, सगळी धावपळ पायांत. हा पॅनिंगसाठी सर्वांत सोपा घोडा. १/३० ला डोकं स्पष्ट आणि पाय धुरकट असा फोटो येतो. चौखूर उधळलेला घोडा वरखालीही होतो. कॅमेरा आडवा कितीही नीट फिरवलात तरी ते वरखाली हलणं फोटोत उतरतं. तिथे १/१२५ च्या खाली जाऊ नका.

दत्तजयंतीच्या सुमारास ऊन स्वच्छ असतं. आयएसओ १००, एफ/१६ ला शटर १/१०० येतं, म्हणून १/३० साठी तुम्ही एफ/२२ च्याही पुढे जात असाल. तिथे लेन्स मऊ होते आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण ठिपका होऊन दिसतो. उजेड आठव्या हिश्शावर आणणारा एनडी ८ फिल्टर लावा. एफ/११ ला १/२५ मिळतं.

फोकस कंटिन्युअसवर, बिंदू घोड्याच्या डोळ्यावर. स्टॅबिलायझर लेन्सच्या 'मोड २'वर, कारण मोड १ आडवी हालचालही रोखायला बघतो आणि फोटो बिघडवतो. पाय घोडा जिथे निघून जाणार आहे त्या दिशेला रोवा आणि कंबर मागे वळवून घोडा पकडा. तो समोरून जाताना तुमची कंबर सरळ होत जाते, अंग मोकळं असतं. बहुतेकजण उलट करतात आणि ऐन क्षणी अंग पिळवटलेलं असतं. शटर दाबल्यावर थांबू नका, घोडा निघून गेल्यावरही फिरत राहा. मागे रंगीत झुली, फेटे, दुकानांचे तंबू येतील अशी बाजू निवडा. पांढऱ्या आकाशापुढे वेग दिसत नाही, कारण पुसलं जायला तिथे काहीच नसतं.

घोड्यावर फ्लॅश मारू नका. जनावर बिचकलं तर गर्दीतल्या लेकराबाळांना इजा होते.

प्रश्न : आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनात गुलाल उधळतात. फ्लॅश टाकला की फोटोभर पांढरे गोल ठिपके येतात, आणि गुलाल गुलाबी न येता सपाट लाल डाग दिसतो.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ठिपके म्हणजे लेन्सच्या अगदी पुढे तरंगणारे गुलालाचे कण. फ्लॅश लेन्सलगत असल्याने त्यांच्यावर सर्वांत जास्त उजेड पडतो. फ्लॅश ट्रिगरवर घेऊन सोबतच्या माणसाच्या हातात द्या, बाजूने किंवा मागून तिरका मारा. मागून आलेल्या उजेडात गुलाल स्वतःच पेटल्यासारखा दिसतो.

सपाट डाग हा एक्स्पोजरचा प्रश्न आहे. साध्या हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) सगळं ठीक दिसतं, पण लाल चॅनल केव्हाच भरून वाहिलेला असतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, लाल उजव्या कडेला चिकटला की दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. झेंडूच्या माळांनाही हेच. फोटो रॉमध्ये काढा.

गुलालात लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर कपड्याने पुसण्याआधी हवेच्या पंपाने आणि मऊ ब्रशने झाडा. कोरडा गुलाल ओल्या फडक्याने पुसलात तर तो झूमच्या खाचेत बसतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार काचेवर डाग पाडतात. डीजेच्या गाडीवर लेझर असेल तर त्याचा किरण थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका, सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते.

प्रश्न : रानपिंगळ्याचा फोटो काढायचा आहे. लांबून काढण्यासाठी फ्लॅश एक्स्टेंडर घ्यावा का?
— एक वाचक, तळोदा

उत्तर : या पक्ष्यासाठी नको. रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला सापडला नव्हता. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये तो तुमच्याच भागात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा दिसला. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. मुख्य म्हणजे तो दिवसा वावरणारा पिंगळा आहे. सकाळी उंच, निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो. ४०० मिमी लेन्स, १/५००, आयएसओ ४०० ते ८००, आणि ऊन तुमच्या पाठीशी. फ्लॅशचं कामच पडत नाही. ढोलीजवळ थांबू नका, आवाज वाजवून बोलावू नका, आणि वनखात्याची परवानगी घेऊनच जंगलात जा.

एक्स्टेंडर म्हणजे फ्लॅशपुढे ठेवलेलं फ्रेनेल भिंग. तो सुमारे दोन स्टॉप देतो, म्हणजे पल्ला दुप्पट. झोत अरुंद होत असल्याने ३०० मिमीच्या पुढच्या लेन्सलाच उपयोगी. उन्हात तो लावून कॅमेरा खाली ठेवला आणि सूर्य भिंगासमोर आला, तर फ्लॅशचं प्लास्टिक वितळतं.

स्थिर आणि फार लांबचा विषय असेल, उदाहरणार्थ लळिंगचा किल्ला रात्री, तर मोठा फ्लॅश घेण्यापेक्षा फ्लॅश हातात घेऊन विषयाजवळ चालत जा. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ/८, आयएसओ ४००, शटर बल्बवर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं. ४० गाइड नंबरचा फ्लॅश या सेटिंगला दहा मीटरवरची भिंत पूर्ण उजळतो. वीस मीटरवरून मारायचा असेल तर त्याच जागी चार वेळा मारा. स्वतः फ्लॅश आणि भिंत यांच्या मध्ये येऊ नका, नाहीतर तुमची काळी सावली भिंतीवर उमटते.

प्रश्न : यात्रांना जाणं जमत नाही. रंगीत हालचालीचा काही प्रयोग घरी करता येईल का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : तुमच्या गावातच केकी मूस यांनी घराच्या चार भिंतींत टेबलटॉप छायाचित्रणाचं मोठं काम केलं. घर हे स्टुडिओ म्हणून पुरेसं असतं.

दोन प्रयोग करा. पहिल्यात फ्लॅश लागत नाही. अखाजीला झाडाला झोका बांधाल तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. झोका चालू असताना एकामागून एक तीन फोटो, मध्ये दोन-तीन सेकंद. मग गिम्प या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फोटो 'डीकंपोज' करून पहिल्याचा लाल, दुसऱ्याचा हिरवा आणि तिसऱ्याचा निळा चॅनल घ्या आणि 'कंपोज'ने एकत्र करा. जे हललं नाही, म्हणजे खोड, भिंत, अंगण, ते नेहमीच्या रंगात येतं. झोका, ओढणी आणि वाऱ्याने हललेली पानं लाल, हिरव्या, निळ्या सावल्यांत फुटतात. जिथे दोन सावल्या एकमेकींवर येतात तिथे पिवळा, किरमिजी, आकाशी तयार होतो. ट्रायपॉड केसभर हलला तर भिंतीच्या कडांनाही रंगीत किनार येते, म्हणून रिमोट किंवा टायमर वापरा. ढग सरकत असतील तर थांबा. मध्येच उजेड बदलला की सगळ्या फोटोवर एका रंगाची झाक चढते.

दुसरा प्रयोग अंधाऱ्या खोलीत. टेबलावर भिंगरी, मागे काळं कापड. शटर पाच सेकंद उघडं ठेवा. भिंगरी फिरत असताना फ्लॅश तीनदा मारा : तोंडावर आधी लाल जेल, मग हिरवा, मग निळा. भिंगरीची पाती तीन रंगांत वेगवेगळी गोठतात आणि स्थिर दांडी पांढरी दिसते. दांडी पांढरी न दिसता रंगीत आली तर तीन झोतांचा उजेड सारखा नाही. निळा जेल सर्वांत जास्त उजेड खातो, हिरवा कमी. लाल १/८, हिरवा १/१६, निळा १/२ इथून सुरू करा. भिंगरीच्या जागी पांढरा कागद ठेवून आधी फोटो काढा आणि कागद राखाडी-पांढरा दिसेपर्यंत पॉवर एक-तृतीयांश स्टॉपने हलवा. हातात तीन जेल बदलायला वेळ पुरत नसेल तर शटर पंधरा सेकंद ठेवा. खोली खरंच अंधारी असेल तर काही बिघडत नाही. मोबाइलचा स्क्रीन मात्र पालथा घाला, पंधरा सेकंदांत त्याचा निळसर उजेड टेबलावर उमटतो.